चिन निर्वासित आणि त्यांची श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेल्या चिन ख्रिस्ती निर्वासितांबद्दल मराठी मंडळ्यांमधून (म्हणजे चर्चच्या समुदायांमधून) आणि मंडळ्यांबाहेरूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही आपुलकीचे आहेत, काही संशयाचे. संशयाच्या प्रश्नांना जरा जास्त जागा दिली आहे, कारण लोक ते कुजबुजतात आणि मग उत्तर न मिळताच ते खरे ठरतात.

१. चिन म्हणजे चीनमधले लोक का?

नाही. सगळा घोळ एका वेलांटीचा आहे. चिन हे म्यानमारच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत राहणारे लोक. त्यांच्या राज्याचे नाव चिन राज्य आणि राजधानी हाखा. थानत्लांग, फालाम, तेदिम, मिंदात, मातुपी ही तिथली शहरे, आपल्या मानाने गावेच. हे लोक स्वतःला लाई, झोमी, मारा, खुमी, चो अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. एका खोऱ्यातली बोली पलीकडच्या खोऱ्यात कळेलच असे नाही. मिझोंशी मात्र त्यांचे रक्ताचे नाते आहे. इंग्रजांच्या काळात डोंगरांची वाटणी झाली, तिआऊ नदी हद्द ठरली आणि चुलतभाऊ दोन देशांचे झाले.

२. बौद्धबहुल देशात हे लोक ख्रिस्ती कसे झाले?

आर्थर आणि लॉरा कार्सन हे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जोडपे १८९९ मध्ये हाखाला पोहोचले. सुरुवातीची वर्षे फार थोड्यांनी बाप्तिस्मा घेतला. डोंगरावर आत्म्यांना बळी देण्याची जुनी रीत होती आणि ती सोडणे म्हणजे गावाशी वैर घेणे. मिशनऱ्यांनी बोलींना रोमन लिपी दिली, शाळा काढल्या, औषधे दिली. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या अनेक भागांसारखीच आहे.

पुढची वेगळी आहे. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि १९६६ पर्यंत परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढले. मंडळी आता मोडेल, असा सरकारचा हिशेब असावा. झाले उलटेच. मंडळीचा खरा पसारा त्यानंतर वाढला, तोही चिन पाळक (पाद्री), वडीलजन (मंडळीचे कारभारी) आणि डोंगर तुडवत गावोगाव जाणाऱ्या तरुण स्वयंसेवकांच्या पायांवर. २०१४ च्या जनगणनेत चिन राज्यातले सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्ती होते, तर अख्ख्या म्यानमारमध्ये जेमतेम ६ टक्के. म्हणून 'परक्यांचा धर्म' हा शिक्का इथे बसत नाही. आजचे तरुण निर्वासित बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती आहेत.

३. मग सगळे चिन ख्रिस्तीच असतात का?

नाही. दक्षिण चिनमध्ये बौद्ध आहेत, आणि जुना निसर्गधर्म पाळणारी घरेही आहेत. तेदिम भागातल्या पाउ चिन हाउ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाइपियान नावाचा स्वतंत्र पंथ आणि स्वतःची लिपी काढली. त्याचे अनुयायी आजही सापडतात. शिवाय २०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतर सीमा ओलांडणाऱ्यांत बौद्ध बर्मीही आहेत: संपावर गेलेले शिक्षक, डॉक्टर, हुकूम मानायला नकार देणारे पोलीस. या पानावर आपण मुख्यतः चिन ख्रिस्ती लोकांबद्दल बोलतो आहोत, एवढेच.

४. हे लोक धर्मासाठी पळाले की राजकारणामुळे? काही जण 'कामधंद्यासाठी आले' असेही म्हणतात.

या तिन्हींची चिरफाड करून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवता येईल असे वाटते, पण तसे करता येत नाही.

१९६१ मध्ये ऊ नू यांच्या सरकारने बौद्ध धर्माला राजधर्म करण्याचा कायदा केला. पुढे लष्कराने तो बाजूला ठेवला, पण वंश, भाषा आणि धर्म एकच असला पाहिजे ही धारणा कायम ठेवली. १९९० च्या दशकात चिन डोंगरमाथ्यांवरचे क्रूस पाडायला लावले गेले. काही ठिकाणी त्याच जागी पॅगोडे उभे राहिले आणि त्यांच्यासाठी मजुरी, अर्थात बिनपगारी, ख्रिस्ती गावकऱ्यांकडूनच करून घेतली. चर्च बांधायला परवानगी मागावी, तर वर्षानुवर्षे उत्तर नाही. 'ना ता ला' नावाच्या सरकारी वसतिगृहशाळांत गरीब चिन मुलांना फुकट शिक्षण मिळे. पुढे सरकारी नोकरीची हमीही असे. मात्र तिथे बौद्ध प्रार्थना सक्तीच्या होत्या आणि रविवारी चर्चला जाण्याची मुभा नव्हती. चिन मानवाधिकार कार्यकर्त्यांनी हे वर्षानुवर्षे नोंदवून ठेवले आहे.

आता सैन्याची ओझी वाहायला दर महिन्याला धरून नेतात म्हणून ज्याचे शेत पडीक राहिले, तो माणूस उपाशी राहतो आणि मग सीमा ओलांडून मिझोरामच्या राजधानीत, आइजोलमध्ये, हमाली करतो. तो कामासाठी आला, धर्मासाठी की राजवटीमुळे? त्याला विचारले तर तो बहुधा म्हणेल, शेत करू दिले असते तर आलो नसतो.

५. २०२१ नंतर नेमके काय झाले?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी मिन आंग ह्लाइंग यांच्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. चिन राज्यात आधी शांत निदर्शने झाली. एप्रिलमध्ये मिंदातमध्ये तरुणांनी शिकारीच्या ठासणीच्या बंदुका काढल्या आणि मे महिन्यात त्या शहरावर लष्करी कायदा लादला गेला.

थानत्लांगचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८ सप्टेंबर २०२१ रोजी तोफगोळ्यांनी घरे पेटली. आग विझवायला धावलेले तरुण बाप्टिस्ट पाळक कुंग बिआक हुम यांना सैनिकांनी गोळ्या घातल्या. त्यांचे बोट कापून लग्नाची अंगठी काढून नेली. सुमारे १०,००० वस्तीचे ते शहर पाहता पाहता रिकामे झाले, आणि २९ ऑक्टोबरला रिकाम्या शहरातली दीडशेहून अधिक घरे पुन्हा जाळली गेली. विझवायला तेव्हा कोणी उरले नव्हते.

पुढे विमाने आली. जानेवारी २०२५ मध्ये मिंदात हा नवा कॅथलिक धर्मप्रांत जाहीर झाला आणि जे चर्च त्याचे कॅथेड्रल (मुख्य चर्च) होणार होते, त्यावर ६ फेब्रुवारीला बाँब पडले. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाला. तेव्हापासून एकेकटे तरुण मोठ्या संख्येने येऊ लागले. ज्या सैन्याने गाव जाळले त्याच सैन्यात भरती होण्यापेक्षा त्यांना नदी बरी वाटली.

६. सीमा ओलांडणे इतके सोपे कसे?

भारत आणि म्यानमारमधली सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. त्यातली ५१० किलोमीटर मिझोरामला लागून. चंफाई जिल्ह्यातल्या झोखावथार गावापाशी तिआऊवर पूल आहे, आणि उन्हाळ्यात नदी बऱ्याच ठिकाणी पायी ओलांडता येते. दोन्हीकडच्या डोंगरी लोकांना १६ किलोमीटरपर्यंत ये-जा करण्याची मुभा होती. लग्ने, बाजार, अंत्यविधी असे सगळे त्यावरच चाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ही मुभा रद्द करत असल्याचे सांगितले. वर्षअखेरीस ती १० किलोमीटरवर आणून सीमेवरच्या पासांशी जोडली. पावसाळ्यात हीच तिआऊ गढूळ आणि ओढाळ होते. तेव्हा 'सोपे' हा शब्द जपून वापरावा.

७. भारतीय कायद्याने ते 'निर्वासित' आहेत का?

नाहीत. बातम्यांत शब्द सर्रास येतो, म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्या. निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताची सही नाही, आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कागदोपत्री हे लोक विनापरवाना आलेले परदेशी ठरतात. १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने ईशान्येतल्या चार राज्यांना घुसखोरी रोखण्याचे आणि परत पाठवण्याचे पत्र लिहिले ते याच आधारावर.

दुसरी बाजूही आहे. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातला जीविताचा हक्क 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ देण्याचा आदेश दिला. हे कार्यालय मिझोराममध्ये काम करत नाही. सीमेपासून दिल्ली किती लांब, ते नकाशा काढून पाहा.

८. ते ख्रिस्ती आहेत, मग नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातून त्यांना नागरिकत्व मिळेल ना?

मिळणार नाही. त्या कायद्यात ख्रिस्ती लोकांचा उल्लेख आहे, पण तो फक्त पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. म्यानमार त्या यादीत नाही. हा प्रश्न सद्भावनेने सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत लहान आहे.

९. केंद्र नको म्हणत असताना मिझोरामने त्यांना ठेवून का घेतले?

केंद्राच्या पत्रानंतर आठ दिवसांनी, १८ मार्च २०२१ रोजी, तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिले की, हे आमचे रक्ताचे लोक आहेत, आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले, लालदुहोमा आले, पण आसरा देण्याचे धोरण बदलले नाही. आलेल्यांची संख्या ३०,००० च्या वर गेली. २०२५ मध्ये मात्र बोटांचे ठसे घेऊन नोंदणी सुरू झाली. आधीच्या सरकारने ती टाळली होती. ही नोंद उद्या परत पाठवण्यासाठी वापरली जाईल का, ही धास्ती त्यामागे होती.

नातेसंबंध हे एक कारण. दुसरे कारण जुने आहे आणि महाराष्ट्रात क्वचितच माहीत असते. ५ मार्च १९६६ रोजी, भारतापासून वेगळे होऊ पाहणारे मिझो बंड मोडण्यासाठी, भारतीय हवाई दलाने आइजोलवर बाँब टाकले. त्या काळात कितीतरी मिझो पळून म्यानमारच्या बाजूला, चिन डोंगरांत गेले आणि तिथल्या लोकांनी त्यांना जेवू घातले. झोरामथांगा स्वतः त्या बंडातले भूमिगत कार्यकर्ते होते. आज सत्तरीत असलेल्या मिझो माणसाला निर्वासित म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आणि तिसरे कारण मंडळी. मिझो घरात स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई एक मूठ बाजूला काढते आणि ती मंडळीला जाते. 'बुहफाई थाम' म्हणतात याला. शंभर वर्षांहून जुनी रीत आहे ही. 'त्लोमङाइहना', म्हणजे स्वतःची पर्वा न करता दुसऱ्यासाठी उभे राहणे, हे मूल्य ख्रिस्ती होण्याच्या आधीपासूनचे. धर्माने त्याला शब्द आणि दिवस दिले. यंग मिझो असोसिएशन या स्वयंसेवी संघटनेची शाखा गावोगाव आहे, तिनेच बांबू तोडले आणि ताडपत्र्या बांधल्या.

सगळे गोड आहे असे मात्र समजू नका. अमली पदार्थांच्या तस्करीचा आळ, मजुरीचे दर पडल्याची तक्रार, 'किती दिवस?' हा प्रश्न, हे सगळे मिझोराममध्येही ऐकू येते. पाच वर्षे पाहुणचार करणे सोपे नसते.

१०. छावणीतली मंडळी नेमके करते काय? फक्त रविवारची उपासना?

उपासना तर होतेच. बांबूचा मांडव, ताडपत्री, मातीची जमीन, ढोल, आणि सापडले तर एखादे गिटार. पण गाव सोडताना ग्रामपंचायत, शाळा, पेढी, दवाखाना यांतले काहीही उचलून आणता येत नाही. मंडळी तेवढी आणता येते. तिची रचना माणसांच्या डोक्यात असते: वडीलजन कोण, खजिनदार कोण, महिला मंडळ कोण चालवते. म्हणून कोणाच्या घरी किती माणसे आली, कोण गरोदर आहे, कोणाचा मुलगा अजून पलीकडे आहे, शिध्याची वाटणी कशी, भांडण कोणी मिटवायचे, हे सगळे तिच्याकडे येते. अंत्यविधी तर संपूर्णपणे तिचाच. परक्या मातीत माणूस पुरताना गाणारे लोक भोवती असणे, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

भाषेचेही तसेच. चिन बोली कित्येक दशके सरकारी शाळांत शिकवल्या जात नव्हत्या. मूल आपल्या भाषेतली अक्षरे संडे स्कूलमध्ये गिरवी, आणि त्याचे पहिले पुस्तक बहुधा गीतांचे किंवा बायबल असे. म्हणून पळताना गीतांचे पुस्तक बोचक्यात घेणाऱ्या बाईला नुसती 'भाविक' म्हणून मोकळे होऊ नये. तिने शाळाही सोबत घेतली आहे.

याची दुसरी बाजू म्हणजे फाटाफूट. बोलीगणिक, पंथागणिक, कधी नुसत्या गावागणिक वेगळी मंडळी. दिल्लीच्या विकासपुरीत, क्वालालंपूरमध्ये, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्येही हेच चित्र आहे. एकी हवी असे पाळक सांगतात आणि पुढच्या वर्षी आणखी एक मंडळी निघते. मला यात दोष दिसतो, पण आश्चर्य वाटत नाही. सगळे हरवल्यावर माणूस आपल्याच बोलीत रडू पाहतो.

११. एवढे सोसून देवावर विश्वास टिकतो कसा? खरे सांगा.

सगळ्यांचा टिकत नाही. काही तरुण उपासनेला येणे सोडतात. काही येतात पण गात नाहीत. हे लपवून 'बघा त्यांची श्रद्धा' असे भाषण करणे म्हणजे त्यांचे दुःख आपल्या प्रोत्साहनासाठी वापरणे.

ज्यांचा टिकतो, त्यांच्या बोलण्यात चमत्कारांपेक्षा बायबलमधली तक्रारीची पाने जास्त येतात. स्तोत्रसंहितेतला 'किती काळ?' हा प्रश्न, विलापगीत, बाबेलच्या नदीकाठी रडणारे बंदिवान. मिसरातून (इजिप्तमधून) गुलामी सोडून निघालेल्यांची गोष्ट तर येतेच, पण ती ऐकताना ते समुद्र दुभंगण्यापाशी थांबत नाहीत. पुढची रानातली चाळीस वर्षे त्यांना चांगली ठाऊक असतात. बाळ येशूला घेऊन हेरोद राजाच्या भीतीने रातोरात मिसराकडे निघालेले योसेफ आणि मरीया ही नाताळातली गोष्ट. आपल्याकडे ती देखाव्यातून गळून जाते. त्यांच्याकडे मुख्य देखावा तोच.

मिझो आणि चिन परंपरेत शोकघरी रात्री जमून संथ चालीवर गाण्याची पद्धत आहे. कोणी उपदेश करत नाही, समजूत घालत नाही. ढोल असतो आणि बसलेली माणसे. आशा हा शब्द तिथे मोठ्याने उच्चारला जात नाही, पण घरातले लोक त्या रात्री एकटे नसतात. 'विश्वास टिकतो कसा' याचे मला पटलेले उत्तर एवढेच आहे. एकट्याने तो फारसा टिकत नाही.

१२. ख्रिस्ती म्हणवतात, मग हातात बंदूक कशी?

चिन पाळकांतही यावर एकमत नाही. 'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रातले तेरावे प्रकरण अनेक वर्षे लष्कराच्या बाजूने वाचले गेले, आणि आता तेच प्रकरण तरुण उलट वाचतात: जो अधिकारी चांगल्याला शिक्षा करतो तो कसला अधिकारी? काही पाळक लढणाऱ्यांसाठी प्रार्थना करतात पण शस्त्रांना आशीर्वाद देत नाहीत. काहींचे स्वतःचे मुलगे लढाईत आहेत.

आणि बंदूक आली की ती एकाच दिशेला रोखलेली राहत नाही. जुलै २०२५ मध्ये झोखावथारच्या समोरच दोन चिन सशस्त्र गटांत चकमक झाली आणि सुमारे ४,००० लोक पळून मिझोराममध्ये आले. दोन्ही गट ख्रिस्ती, दोन्ही लष्कराच्या विरोधातले. मिझो नेत्यांना मध्यस्थी करावी लागली. हे उदाहरण या विषयावरच्या भाषणांत सहसा गाळले जाते, म्हणून मुद्दाम इथे दिले.

१३. मदतीच्या आडून धर्मांतर चालते, असे म्हणतात. यात तथ्य किती?

चिन लोकांबाबत हा प्रश्नच उलटा आहे. ते येतानाच ख्रिस्ती आहेत (प्रश्न २), आणि धर्म बदलण्यासाठी लालूच व सक्ती झाली ती त्यांच्यावर (प्रश्न ४). पण निर्वासितांत बौद्धही आहेत (प्रश्न ३), आणि मदत मंडळीमार्फत वाटली जाते तेव्हा बौद्ध कुटुंबाला ती मागताना संकोच वाटू शकतो. ज्यांनी ना ता ला शाळा पाहिल्या आहेत, त्यांनी तरी तांदळाच्या पोत्यासोबत पत्रक देऊ नये.

१४. मणिपूरमधून आणि बांगलादेशातून आलेले लोक हेच का?

नातलग म्हणता येतील, पण त्यांची परिस्थिती वेगळी. मे २०२३ मध्ये उसळलेल्या हिंसाचारानंतर मणिपूरमधून आलेले कुकी-झो लोक भारतीय नागरिक आहेत, त्यामुळे त्यांना प्रश्न ७ लागू होत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून बांगलादेशातल्या चितगाव डोंगरभागातून आलेले बॉम हेही बहुतेक ख्रिस्ती, पण त्यांचे पळण्याचे कारण तिथल्या सैन्याची कारवाई. मिझोराम या तिन्हींना एकाच वेळी सांभाळते आहे.

१५. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात जायची वाट आहे का?

होती, मुख्यतः मलेशियातून आणि काही प्रमाणात दिल्लीतून. त्यातूनच इंडियानापोलिसमध्ये चिन लोकांची मोठी वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रम थांबवला आणि जूनमध्ये म्यानमारच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. मिझोराममधल्यांसाठी ही वाट आधीही जवळजवळ बंदच होती, कारण नोंदणी दिल्लीत. 'पैसे द्या, परदेशी पाठवतो' म्हणणारा कोणीही, मग तो बायबलमधले वचन पाठ म्हणून दाखवत असला तरी, दलाल समजावा.

१६. आमच्या मंडळीला काही करायचे आहे. कुठून सुरुवात करू?

छायाचित्रांपासून, म्हणजे ती न काढण्यापासून. ज्यांचे आईवडील किंवा भाऊ अजून पलीकडे आहेत त्यांचा चेहरा, नाव आणि गाव इंटरनेटवर गेले, तर किंमत ते नातेवाईक मोजतात. प्रार्थनासभेच्या व्हॉट्सअॅप गटातही नावे टाकू नका.

जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवू नका. वाहतुकीचा खर्च कपड्यांपेक्षा जास्त होतो आणि कोकणातल्या सुती साड्या चंफाईच्या थंडीत कामाच्या नाहीत. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट मंडळ्यांची मदतयंत्रणा आधीपासून आहे. आपल्या पंथाच्या कार्यालयामार्फत तिच्याशी बोला, आणि या महिन्यात काय हवे ते विचारा. उत्तर 'तांदूळ नको, मुलांची शाळेची फी' असे येऊ शकते.

प्रत्यक्ष जायचे असेल तर भारतीय नागरिकांनाही मिझोराममध्ये शिरायला इनर लाइन परमिट लागते. ते आधी काढा. रविवारी पोहोचू नका. त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि तुमची व्यवस्था करायला कोणाला तरी उपासना सोडून यावे लागेल.